नऊ नंबरचा शर्ट

काय मंडळी, सहामाही संपली ना? पेपर हातात पडले असतील. कुणाच्या घरी पेढे वाटले गेले असतील, आणि कुणाच्या घरी... जाऊ द्या, तो विषय आपला नाही.

या आठवड्यात टपालात एक पत्र आलं. पाठवणारा सातवीत आहे, गाव सातारा जिल्ह्यातलं. नाव छापू नका असं त्यानं वरच लाल पेनानं लिहिलंय, म्हणून छापत नाही. तो लिहितो : "काका, माझा सगळ्यात आवडता खेळाडू आमच्या संघातून दुसऱ्या संघात गेला. बाबांनी वाढदिवसाला त्याच्या नावाचा टी-शर्ट घेऊन दिला होता. आता तो घातला की वर्गातली मुलं चिडवतात. मी संघ बदलू की खेळाडू? आई म्हणते, कापड चांगलं आहे, फरशी पुसायला देणार नाही. खरं उत्तर द्या. उपदेश नको."

उपदेश नको म्हटल्यावर माझी निम्मी शाई वाचली. उरलेल्या निम्म्या शाईत एक गोष्ट सांगतो.

आयपीएलमुळे ही खेळाडूंची अदलाबदल आपल्याला माहीत झाली. हार्दिक पंड्या मुंबईहून गुजरातला गेला, तिथं २०२२ साली पहिल्याच मोसमात कर्णधार म्हणून कप जिंकला आणि २०२४च्या मोसमाआधी परत मुंबईला आला. तेव्हा वानखेडेवर त्याचं 'स्वागत' कसं झालं ते आठवतंय ना? पण आयपीएल सुरू झाली २००८ साली. या दुखण्याला आपण तसे नवखेच. अमेरिकेत बेसबॉलच्या चाहत्यांनी हे शंभर वर्षांहून जास्त काळ सोसलंय. आजोबांनी सोसलं, बापानं सोसलं, आता नातवंडं सोसतायत. म्हणून आजची गोष्ट तिकडची, शिकागोची.

२०२२च्या जूनमध्ये मी शिकागोला मावसभावाकडे गेलो होतो. त्याचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, तेव्हा चौदा वर्षांचा. त्यानं मला पहिल्याच रविवारी सामन्याला नेलं. बरोबर शेजारचे आजोबा, त्यांचे जावई आणि बारा वर्षांची नात. आजोबा सत्तरीचे, पोस्टातून निवृत्त झालेले. डोक्यावर निळी टोपी, इतकी जुनी की तिचा निळा रंग आठवणीतच उरलेला.

बेसबॉल म्हणजे काय, ते चार ओळींत. मैदानाच्या एका कोपऱ्यात बॅट घेऊन उभं राहायचं. गोलंदाज, तिकडे त्याला पिचर म्हणतात, चेंडू टप्पा न पाडता फेकतो. चेंडू फटकावला की बॅट टाकून पळायचं, तीन थांबे घेत पुन्हा घरी यायचं, की एक धाव. या थांब्यांना म्हणतात बेस. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन. प्रत्येक संघाला नऊ डाव. बाकीचे नियम पन्नास आहेत, ते मलाही पाच वेळा समजावून सांगावे लागले.

मात्र एक आकडा लक्षात ठेवा : १६२. एका मोसमात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. एप्रिल ते सप्टेंबर, जवळजवळ रोज. आपल्याकडे रोज संध्याकाळी घरात मालिका लागते, तसा तिकडे सामना लागतो. त्यामुळे खेळाडू हा पाहुणा राहत नाही, तो घरातला होतो. तो गेला की घरातलं कुणीतरी गेल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

आम्ही गेलो ते मैदान म्हणजे रिगली फील्ड, १९१४ साली बांधलेलं. १९१६पासून ते शिकागो कब्स संघाचं घर आहे. कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू. बाहेरच्या बाजूची भिंत विटांची, तिच्यावर हिरवी वेल चढलेली. धावफलक १९३७चा, अजूनही आत बसलेली माणसं हातानं आकडे बदलतात. आणि सामना संपला की फलकावर झेंडा चढतो. जिंकले तर पांढऱ्या झेंड्यावर निळा डब्ल्यू, हरले तर निळ्या झेंड्यावर पांढरा एल. शेजारून आगगाडी जाते. कामावरून घरी जाणारी माणसं खिडकीतून झेंडा बघतात आणि निकाल कळतो.

आमच्याबरोबरच्या नातीच्या अंगात निळा शर्ट होता. पाठीवर नऊ आकडा आणि नाव : बाएझ. मी पुतण्याला विचारलं, "यातला बाएझ कोणता?" पुतण्यानं माझ्या हाताला चिमटा काढला. पण तिनं ऐकलंच.

"तो नाहीये," ती म्हणाली. "त्याला दिला."

'गेला' नाही, 'दिला'. एवढं बोलून तिनं तोंड मैदानाकडे वळवलं.

काय झालं होतं ते मला आजोबांनी सांगितलं. आदल्या वर्षी, म्हणजे २०२१च्या जूनअखेर, कब्स पहिल्या क्रमांकाच्या शर्यतीत होते. मग लागोपाठ ११ सामने हरले. संघातल्या तीन लाडक्या खेळाडूंचे करार त्या मोसमाबरोबर संपणार होते : अँथनी रिझो, क्रिस ब्रायंट आणि हावियर बाएझ. करार संपला की खेळाडू मोकळा, कुठंही जाईल, संघाच्या हाती काहीच राहणार नाही. मग संघाचे प्रमुख जेड हॉयर यांनी ठरवलं की जाण्याआधीच त्यांच्या बदल्यात दुसऱ्या संघांकडून कोवळे, होतकरू खेळाडू घ्यायचे. २९ आणि ३० जुलै, दोन दिवसांत तिघंही गेले. रिझो न्यूयॉर्कच्या यांकीज संघात, बाएझ न्यूयॉर्कच्याच मेट्समध्ये, ब्रायंट पार सॅन फ्रान्सिस्कोला. पोरीचा शर्ट दहाव्या वाढदिवसाचा होता.

"मी तिला काही बोललो नाही," आजोबा म्हणाले. "माझ्या वडिलांनी मला समजावलं होतं, ते मला अजून आठवतंय. म्हणून गप्प बसलो."

मग निघाली १९६४ सालची गोष्ट. आजोबा तेव्हा बारा वर्षांचे. कब्समध्ये लू ब्रॉक नावाचा तरुण होता. वाऱ्यासारखा पळायचा. बेसबॉलमध्ये पिचरचं लक्ष चुकवून एका बेसवरून पुढच्या बेसवर पळता येतं, त्याला बेस चोरणं म्हणतात. चोरी करून शाबासकी मिळते असा हा एकच खेळ असावा! पण ब्रॉकला अजून सूर सापडला नव्हता. आजोबांकडे मात्र त्याचं चित्र होतं, च्युइंगगमच्या पाकिटातून निघालेलं. (आमच्या पिढीनं बबलगममधून क्रिकेटपटूंची चित्रं जमवली, तसंच. एका गावस्करसाठी मी तीन परदेशी खेळाडू दिले होते. ती अदलाबदल मला अजूनही चुकलेली वाटत नाही.)

१५ जून १९६४ला बातमी आली : कब्सनी ब्रॉकला सेंट लुईसच्या कार्डिनल्सना दिलं. सेंट लुईस म्हणजे कब्सचा कट्टर प्रतिस्पर्धी, आणि अंतर जेमतेम पाचशे किलोमीटर. बदल्यात मुख्य खेळाडू मिळाला तो अर्नी ब्रोलिओ, आदल्या वर्षी १८ सामने जिंकून देणारा पिचर. सगळं शिकागो खूश! कब्सनी कार्डिनल्सना चांगलंच गंडवलं, असं जो तो म्हणत होता. आजोबांचे वडीलही म्हणाले, "बघ, हा व्यवहार आहे. तुला मोठा झाल्यावर कळेल."

मोठं व्हायची गरजच पडली नाही. ब्रॉक कार्डिनल्सकडे गेला आणि जणू कुणी पायातली बेडी काढली. त्याच वर्षी कार्डिनल्स अजिंक्यपद जिंकले. पुढे ब्रॉकनं ९३८ बेस चोरल्या आणि तीन हजारांवर फटके मारले. आणि ब्रोलिओ? त्याचं कोपर दुखावलेलं होतं. कब्ससाठी तीन मोसमांत तो फक्त सात सामने जिंकून देऊ शकला, आणि त्याची कारकीर्द संपली. बिचाऱ्याची काय चूक? त्यानं काही स्वतःला विकलं नव्हतं. तो आणि ब्रॉक पुढे चांगले मित्र झाले, पण शिकागोत आजही कुणी वाईट सौदा केला की 'ब्रॉक दिला, ब्रोलिओ घेतला' म्हणतात.

"आणि ते चित्र?" मी विचारलं.

"आहे ना. फाडणार होतो. फाडलं नाही."

नात आता ऐकत होती. "मग तुम्ही कार्डिनल्सचे का नाही झालात?"

"कार्डिनल्सचा?" आजोबांनी असा चेहरा केला, जसा आपण कुणी आमटीत साखरेऐवजी साबण घालतो म्हटल्यावर करू. "ब्रॉक चेंडू मारायचा तेव्हा मी मनात टाळी वाजवायचो. हात मात्र खिशात ठेवायचो."

कब्सचा इतिहास ऐकाल तर तुम्हालाही वाटेल की या माणसांना हरायची हौसच असावी. १९०८ साली ते अजिंक्यपद जिंकले आणि त्यानंतर... थांबा, आकडा शेवटी सांगतो. १९४५ साली अंतिम फेरीत होते. एका खानावळीचा मालक, बिली सायनिस, आपला बोकड घेऊन मैदानावर आला. बोकडाचंही तिकीट होतं म्हणे! पण वास येतो म्हणून बोकडाला बाहेर काढलं, आणि मालकानं शाप दिला. शापबिप काही नसतं हे तुम्हाला मी सांगायला नको. पण कब्स ती फेरी हरले, आणि पुन्हा अंतिम फेरीत यायला त्यांना किती वर्षं लागावीत? ७१! मधल्या काळात त्यांच्याकडे अर्नी बँक्ससारखा खेळाडू होऊन गेला. कब्सचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ५१२ होमरन, कायम हसतमुख. आज हवा छान आहे, एकाऐवजी दोन सामने खेळू या, असं म्हणणारा. १९५३ ते १९७१ सगळी कारकीर्द एकाच संघात, आणि अजिंक्यपदाच्या फेऱ्यांचा एकही सामना नशिबी नाही. २००३ साली तर अंतिम फेरी पाच बळींवर आली होती. तीन धावांची आघाडी होती. त्या एका डावात आठ धावा गेल्या.

दर वर्षी चाहते एकच वाक्य म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघा!" आपण गणपतीला म्हणतो, जवळपास तेच.

आता गोष्टीतला अवघड भाग. २०११च्या ऑक्टोबरमध्ये थिओ एपस्टीन हे कब्सचे प्रमुख झाले. यांनीच आधी बॉस्टनच्या रेड सॉक्स संघाला २००४ साली अजिंक्यपद मिळवून दिलं होतं. बॉस्टननं १९१९च्या शेवटी बेब रूथ यांकीजना विकला होता, तेव्हापासूनचा दुष्काळ त्यांनी संपवला. शिकागोत आल्यावर त्यांनी ठरवलं, डागडुजी पुरे, घर पाडून नव्यानं बांधायचं. चांगले, वयानं मोठे खेळाडू द्यायचे आणि कोवळे घ्यायचे. अमेरिकेत मुख्य संघाच्या खालच्या छोट्या संघांना 'फार्म' म्हणतात, म्हणजे शेत. तिथं पोरं पेरायची आणि वाट बघायची.

पण वाट बघताना मुख्य संघाचं काय? तो हरतो. आणि हरण्यात फायदाही होता. दर वर्षी शाळा-कॉलेजातल्या नव्या खेळाडूंची निवड होते. तेव्हा नियम असा, की सगळ्यात जास्त हरलेल्या संघानं आधी निवडायचं. हेतू चांगला, की दुबळ्याला बळ मिळावं. पण यातून काय निघालं ते तुमच्या लक्षात आलं असेल. शेवटून पहिला आला की बक्षीस!

कब्स २०१२ साली १०१ सामने हरले. १६२पैकी १०१! २०१३ साली ९६, २०१४ साली ८९. मैदानावरची पोरं मुद्दाम हरत नव्हती, ती जीव तोडून खेळत होती. पण वर कचेरीत बसलेल्यांनी संघच असा ठेवला होता की तो जिंकू नये. मला विचाराल तर हे मला पटत नाही. दहा वर्षांच्या मुलाला तिकीट काढून मैदानावर आणायचं आणि यंदा आम्ही जिंकायचं ठरवलेलंच नाही हे त्याला सांगायचं नाही, यात काहीतरी चुकतंय. तिकडेही पुष्कळांना ते खटकलं. २०२३पासून पहिले सहा क्रमांक चिठ्ठ्या टाकून ठरवतात, म्हणजे हरण्याची हमखास कमाई थोडी कमी झाली.

आजोबांना मी हे बोलून दाखवलं. ते हसले. "तुम्हाला चार वर्षांचं वाईट वाटतंय. आम्हाला शंभर वर्षांची सवय होती. निदान या वेळी कुणीतरी कारण सांगून हरत होतं."

त्या चार वर्षांतले सौदे मात्र ऐकण्यासारखे आहेत. रायन डेम्पस्टर हा चाहत्यांचा लाडका पिचर. त्याला दिलं आणि काइल हेंड्रिक्स नावाचा कुणाला माहीत नसलेला मुलगा घेतला. बाल्टिमोरमध्ये मार खाणारा जेक ॲरिएटा आणला, तो २०१५ साली वर्षातला सर्वोत्तम पिचर ठरला. ब्रायंट २०१३च्या निवडीत दुसऱ्या क्रमांकावर मिळाला. बाएझ तर शेतातलाच, हात इतके चपळ की त्याला 'जादूगार' म्हणायचे.

आणि रिझो. अठराव्या वर्षी त्याला कर्करोग झाला होता, उपचारांनी बरा झाला. त्याची आणि हॉयर यांची गाठ बघा : रिझोला बॉस्टननं निवडलं तेव्हा हॉयर बॉस्टनमध्ये. पुढे ते सॅन डिएगोचे प्रमुख झाले, तर अदलाबदलीत रिझोला तिथं घेतलं. मग ते एपस्टीन यांच्याबरोबर शिकागोला आले आणि २०१२च्या जानेवारीत रिझोला पुन्हा मागून घेतलं. आणि २०२१ साली त्याला देऊन टाकणारेही तेच हॉयर! मावशीनं हौसेनं आणलेलं मांजर मावशीनंच पोत्यात घालून सोडून यावं, तसं.

तर २०१६. १०३ सामने जिंकून कब्स अंतिम फेरीत आले. आता तो योगायोग बघा, अंतिम फेरी पक्की झाली ती २२ ऑक्टोबरला. बोकडवाल्या सायनिसांचं निधन झालं होतं १९७० साली, त्याच तारखेला. समोर क्लीव्हलँडचा संघ, १९४८पासूनचा उपाशी. सात सामन्यांत चार जिंकायचे. क्लीव्हलँडनं पहिल्या चारपैकी तीन जिंकले. मग कब्सनी दोन जिंकून बरोबरी केली. सातवा सामना २ नोव्हेंबरच्या रात्री, क्लीव्हलँडमध्ये. पिचर म्हणून सुरुवात केली कुणी? त्या कुणाला माहीत नसलेल्या हेंड्रिक्सनं.

आठव्या डावात कब्स ६-३ पुढे. चार बळी हवेत. एवढ्यात क्लीव्हलँडच्या राजाय डेव्हिसनं होमरन मारला आणि ६-६! आजोबा टीव्हीसमोरून उठून स्वयंपाकघरात गेले आणि भांडी घासायला लागले, असं नातीनं मला सांगितलं. नऊ डाव बरोबरीत संपले आणि पाऊस आला. सतरा मिनिटं खेळ थांबला. थांबलेल्या वेळात कब्सचे खेळाडू एका खोलीत जमले, एकमेकांना धीर दिला. दहाव्या डावात बेन झोब्रिस्टचा फटका गेला, दोन धावा झाल्या. क्लीव्हलँडनं एक परत केली. ८-७. शेवटचा चेंडू घरंगळत ब्रायंटकडे आला. त्यानं उचलला, पाय जरा घसरला, तरी हसत हसत रिझोकडे फेकला. रिझोनं तो झेलला आणि थेट मागच्या खिशात घातला.

१०८ वर्षं! हा तो मघाचा राहिलेला आकडा.

त्या दिवसांत रिगली फील्डच्या विटांच्या भिंतीवर लोकांनी खडूनं नावं लिहिली. खेळाडूंची नाहीत. आपल्या आजीची, वडिलांची, काकांची. हा दिवस बघायला जे उरले नाहीत त्यांची. हजारो नावं, हात पोचेल तिथवर. अर्नी बँक्सही २०१५च्या जानेवारीत गेला होता. आजोबांनी आपल्या वडिलांचं नाव लिहिलं. नात तेव्हा सहा वर्षांची होती, तिला खांद्यावर घेतलं, कारण खाली जागाच नव्हती. नाव तिनं लिहिलं. एक अक्षर उलटं काढलं, तसंच ठेवलं.

एवढं ऐकून झाल्यावर मागून जावई म्हणाले, "झालं का पुराण?" हे गृहस्थ शहराच्या दक्षिणेकडचे, म्हणजे दुसऱ्या संघाचे, व्हाइट सॉक्सचे. एकाच घरात दोन संघ! त्यांच्याही संघानं २०१६च्या अखेरीपासून अशीच पुनर्बांधणी केली होती, आपला उत्तम पिचर ख्रिस सेल बॉस्टनला देऊन. २०२० आणि २०२१, दोन्ही वर्षी ते बाद फेरीत पोचले होते. "आता आमचे दिवस," जावई म्हणाले. आजोबा काही बोलले नाहीत. त्यांना म्हणे अनुभव होता.

त्या दिवशी कब्स हरले. २०१६च्या संघातले तिघंच तेव्हा उरले होते. निळा झेंडा चढला. समोरच्या संघाचा एक होमरन आमच्या बाकांत आला होता, तो एका काकूंनी उचलून परत मैदानात भिरकावला. तशी तिथली रीत आहे, शत्रूचा होमरन घरी न्यायचा नाही! परतताना गाडीत मी नातीला विचारलं, "मग हा शर्ट अजून का घालतेस?"

"कारण मी त्याला दिलेलं नाही," ती म्हणाली.

आता पुढचं ऐका, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या मित्राला सगळा हिशेब कळेल. जावयांचा व्हाइट सॉक्स २०२४ साली १२१ सामने हरला. आधुनिक बेसबॉलमध्ये एका मोसमात इतके कुणीच हरलेलं नव्हतं. म्हणजे घर पाडलं की नवं उभं राहतंच असं नाही, कधी नुसती मोकळी जागा राहते. आणि बाएझच्या बदल्यात कब्सना काय मिळालं होतं? पीट क्रो-आर्मस्ट्राँग नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा. त्या वेळी त्याचा खांदा दुखावलेला, सहा सामने खेळून घरी बसलेला. ब्रोलिओची आठवण होऊन आजोबांनी कपाळावर हात मारला होता. २०२५च्या मोसमात त्याच मुलानं ३१ होमरन मारले, ३५ बेस चोरल्या, आणि कब्स पुन्हा बाद फेरीत पोचले. पुतण्याचा फोन आला तेव्हा तो त्याच्याबद्दलच बोलत होता.

"आणि शेजारची?" मी विचारलं.

"काका, तिच्याकडे आता क्रो-आर्मस्ट्राँगचा पण शर्ट आहे. बाएझचा तिला होत नाही. धाकट्या भावाला दिलाय, पण सामन्याच्या दिवशीच घालायचा, अशी अट घालून."

मग त्यानं १३ सप्टेंबर २०२५ची हकीकत सांगितली. रिझोनं निवृत्ती जाहीर केली होती, आणि निवृत्त व्हायचं तर कब्सचा खेळाडू म्हणूनच, असं ठरवलं होतं. रिगली फील्डवर त्याचा सत्कार झाला. मग तो खास पाहुण्यांच्या खुर्चीत नाही बसला, उघड्या बाकांवर लोकांत जाऊन बसला. शेजारचे आजोबाही तिथंच होते, दहाबारा ओळी वर. सामन्यात कब्सचा एक एकवीस वर्षांचा नवा मुलगा, मोइसेस बायेस्तेरोस, फलंदाजीला आला आणि त्यानं मारला होमरन, मोठ्या स्पर्धेतला त्याचा पहिलाच. चेंडू उंच गेला आणि थेट रिझोच्या दिशेनं आला. शेवटचा बळी झेलून खिशात घालणाऱ्या रिझोनं दोन्ही हात वर केले.

चेंडू हातांना लागला आणि सुटला!

सगळे हसले. रिझो सगळ्यात जास्त हसला. आजोबा वरून ओरडले, "म्हणूनच दिला तुला!"

तर मित्रा, टी-शर्टाचं काय करायचं ते तुझं तू ठरव. आई म्हणते ते मात्र खरं आहे, कापड चांगलं असतं. आणि बाकीच्या मंडळींनो, तुमच्याकडेही असा एखादा शर्ट, फोटो, सही केलेली वही असेल, ज्याचा मालक आता दुसऱ्या संघात आहे. तिचं काय केलंत ते पत्रानं कळवा. चांगली पत्रं छापू. नाव छापायचं नसेल तर लाल पेनानं लिहा, मला कळतं.